करडं ‘हो’

नव्व्याण्णव साली कॉम्प्युटरच्या नोकरीत स्वरूपाला पहिलंच काम मिळालं, बारामतीच्या एका वधू-वर मंडळाचा वेबसाइटवरचा फॉर्म. मुलींच्या फॉर्मात ‘लग्नानंतर नोकरी करणार?’ या प्रश्नापुढं तिनं ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन गोल ठेवले, तसे मंडळाचे तात्या कुरकुरले.

“‘हो’ दिसायला राहू दे, बरं दिसतंय. पण करडं कर. दाबलं तरी दबलं न्हाय पायजे.”

एवढंच ना, म्हणत तिनं कोडमध्ये एक शब्द वाढवला.

दुसऱ्या दिवशी ती मंडळात फॉर्म दाखवायला गेली, तर सणसरहून तिचे वडील तिथं हजर. “तात्या, पयला फॉर्म आमच्या पोरीचाच भरा.”

तात्यांनी हसत माउस तिच्याच हाती दिला. स्वरूपानं ‘हो’ तीनदा दाबलं.



काम तिनं चोख केलं होतं.