पहिला शब्द

"हातच्या काकणाला आरसा कशाला? तुमच्यासमोरच वाचून दाखवेल," असं म्हणत वडिलांनी पुस्तक ठकूपुढे सरकवलं आणि स्वतः टेबलाच्या पलीकडे, बरोबर तिच्यासमोर जाऊन बसले.

शाळेतल्या विशेष शिक्षिकेची खोली लहानशी होती. बुटकं टेबल, लाकडी अक्षरांची टोपली, भिंतीला टेकवलेला फळा. ठकूच्या वर्गशिक्षिका दाराजवळच्या खुर्चीत अवघडून बसल्या होत्या. वर्षभर त्या डायरीत लिहून पाठवत होत्या, मुलगी दुसरीत आली तरी तिला वाचता येत नाही, एकदा विशेष शिक्षिकेला दाखवून घेऊ या. वर्षभर वडील त्याखाली उत्तर लिहीत होते, घरी उत्तम वाचते, आपणच वर्गात लक्ष द्यावे. पोरीवर कसला शिक्का बसू द्यायचा नाही, हे त्यांचं ठरलेलं होतं. मध्ये आईची अवस्था इकडे आड, तिकडे विहीर.

आज काय तो निकाल लागणार होता. आईवडिलांनी हो म्हटलं तर ठकू रोज तासभर विशेष शिक्षिकेकडे शिकणार होती. नाही म्हटलं तर विषय संपला.

वडील नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. उभा जन्म विंगेत गेलेला. नट अडला की त्याला वाक्याचा पहिला शब्द पुरवायचा, पुढचं त्याचं तो बघून घेतो. रंगमंचावर शांतता पसरली की ह्यांचा जीव खालीवर व्हायचा. ही खोड घरीही सुटली नव्हती. "लग्नाला हो म्हणायला मला जरा वेळ लागला, तर ते 'हो'सुद्धा ह्यांनीच सुचवलं," असं आई चारचौघांत सांगायची आणि सगळे हसायचे.

प्रयोग नसला की संध्याकाळी बापलेक पुस्तक घेऊन बसत. आधी बाबा धडा वाचत, कासवाचा आवाज वेगळा, सशाचा वेगळा. मग ठकू वाचे. पुस्तकातला प्रत्येक धडा असा कितीदा तरी झाला होता. स्वयंपाकघरात आईला नुसता आवाज ऐकू यायचा. किती गोड वाचते, असं वाटून तिला त्या वर्गशिक्षिकेचा रागच यायचा.

"कुठला धडा काढू?" विशेष शिक्षिकेनं विचारलं.

"कुठलाही काढा," वडील म्हणाले.

ठकू वाचू लागली. घडाघडा. विशेष शिक्षिका आपल्या हातातल्या प्रतीत ओळींवर पेन्सिल फिरवत होत्या. कुठे चूक सापडेना. पान संपलं तेव्हा वर्गशिक्षिकेचा चेहरा पार उतरला होता.

"छान वाचतेय की," विशेष शिक्षिका म्हणाल्या. "मग हिला माझी गरज नाही." वडील खुर्चीत सैलावून बसले.

आई मात्र हलली नव्हती. लेकीला वाचताना तिनं आज पहिल्यांदाच शेजारी बसून पाहिलं होतं. पान संपलं तरी ठकूचं बोट पहिल्याच ओळीवर होतं. आणि डोळे पुस्तकात नव्हतेच, समोर होते. एक वाक्य संपलं की वडिलांचे ओठ हलायचे. आवाज नाही, काही नाही, फक्त एक शब्द. तो मिळाला की पुढचं वाक्य ठकूच्या तोंडून आपोआप बाहेर पडायचं.

बोलावं तर परक्या माणसांसमोर नवऱ्याची मान खाली जाणार. गप्प बसावं तर ही दारं पोरीला कायमची बंद.

"अहो," ती म्हणाली, "जरा खिडकीकडे तोंड करून बसता?"

"का म्हणून?"

"बसा म्हणते ना. बाई, पुढचं पान वाचू दे तिला."

वडिलांनी कपाळाला आठ्या घालत खुर्ची फिरवली.

खोलीत शांतता पसरली. बाहेर मैदानात मुलं ओरडत होती, तेवढाच आवाज. वडिलांची पाठ ताठ झाली. ते वाट बघत राहिले. मग राहवेना, आणि खिडकीकडे बघत त्यांचे ओठ हलले. आपले ओठ हलतात हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांनी हात तोंडावर दाबून धरला. मागे वळले नाहीत. डोळे भरून आले होते.

ठकू रडली नाही. घाबरलीही नाही. तिनं थोडा वेळ बाबांच्या पाठीकडे पाहिलं.

"बाबा, इकडे बघा ना," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. "तुम्ही तिकडे तोंड केल्यावर मी वाचू कशातून?"