राणीची जागा

"मान थोडी उजवीकडे, झेली. हां, बस्स. अशीच राहा, राणीसाहेब."

'राणीसाहेब' ऐकलं की सिदोनीच्या काळजाला चटका बसायचा. झेली आल्यापासून आज अकरावा दिवस. गेली वीस वर्षं पॅरिसच्या या चित्रशाळेत ॲन्सेल्मची ही हाक फक्त तिच्यासाठी होती. त्यानं रंगवलेली प्रत्येक राणी तीच होती. त्यातली काही वर्षं तर ती त्याच्या घरचीही राणी होती. आता ती काळा झगा घालून, हातात पांढरं फडकं धरून मागे उभी होती. दासी म्हणून. आणि पुढे शिरच्छेदाच्या ठोकळ्यासमोर, मखमली झग्यात, एका धोबिणीची एकोणीस वर्षांची पोरगी गुडघे टेकून बसली होती.

चित्र होतं स्कॉटलंडच्या मेरी राणीचं. गादी गेली, एकोणीस वर्षं इंग्लंडात कैदेत गेली, आणि शेवटी कुऱ्हाडीखाली मान द्यावी लागली. वसंतातल्या मोठ्या प्रदर्शनात ते लागायचं होतं. पुरं होईपर्यंत सिदोनीनं चित्र बघायला ईझलच्या पलीकडे जायचं नाही, हा ॲन्सेल्मचा जुना दंडक.

दुपारी शेगडीवर चेस्टनट भाजले. ॲन्सेल्मनं एक सोलून झेलीच्या तळहातावर ठेवला.

"मावशी, तुम्हाला देऊ?" झेलीनं विचारलं.

"मावशी कुणाला म्हणतेस गं? मी कुणाची मावशीबिवशी नाही."

ॲन्सेल्म मिशीत हसला आणि ब्रश उचलून पुन्हा कामाला लागला. थोड्या वेळानं म्हणाला, "सिदोनी, ती दुसरी उशी दे बरं तिला. गुडघे सोलवटतील पोरीचे."

झालं. सिदोनीनं फडकं जमिनीवर आपटलं. याच फरशीवर ती गुलाम म्हणून, संत म्हणून आख्खे हिवाळे गुडघ्यांवर बसली होती. उशी कुणी विचारली नव्हती.

"मेरी राणी मेली तेव्हा किती वर्षांची होती रे?"

"चव्वेचाळीस."

"आणि मी?"

ॲन्सेल्मनं ब्रश रंगात बुडवला.

"जल्लादानं मुंडकं उचललं तर हातात नुसता केसांचा टोप आला, आणि खाली पिकलेले केस निघाले. तूच वाचून दाखवलं होतंस ना मला? आणि तिच्या जागी तू ही कोवळी काकडी आणून बसवलीस?"

तिचा आवाज फाटला. दोन हिवाळे तिनं जे ॲन्सेल्मपासून जिवापाड लपवलं होतं, ते तिनं एका हिसक्यात उघडं केलं. तांबूस केसांचा टोप तिच्या मुठीत आला. खाली आखूड, विरळ, पांढरेशुभ्र केस. चित्रकारांच्या जगात बातमी फुटायला वेळ लागत नाही. उद्यापासून चित्रासाठी कुणी आपल्याला उभं करणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

"घे! बघ डोळे भरून!"

ॲन्सेल्म दचकला नाही. त्यानं ब्रश पुसला, झेलीला खूण केली, आणि दोघांनी मिळून ईझल सिदोनीकडे फिरवलं.

झगा झेलीचा होता. वाकलेली पाठ झेलीची होती. चेहरा मात्र सिदोनीचा, आणि त्यावर आखूड, पांढरे केस. दासीच्या जागी कॅनव्हास नुसता कोरा होता.

सिदोनीनं त्या केसांना बोट लावलं. रंग केव्हाच वाळला होता.

"माझं काय आहे हो त्यात, मावशी?" झेली म्हणाली. "नुसती पाठ आणि गुडघे. तोंड तर ते पहिल्या दिवसापासून तुमचंच काढताहेत. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून दम दिलाय मला."

सिदोनी चित्रातल्या डोळ्यांकडे बघत राहिली. ते डोळे ना कुऱ्हाडीकडे बघत होते, ना आभाळाकडे. चौकटीबाहेरच्या कुणावर तरी ते जळत होते.

"मला एका शब्दानं विचारलं असतंस," ती हळूच म्हणाली, "तर मीच बसले असते की रे."

"बसली असतीस. अगदी राणीच्या तोऱ्यात," ॲन्सेल्म म्हणाला. "जिची गादी दुसरीला दिलीय, ती बाई मग मी कुठून आणली असती?"