वन्संची लस

“नागिणीची लस मला नको,” म्हणत माझ्या नणंदबाई दवाखान्याच्या खुर्चीतून उठल्या. मी त्यांना पुन्हा बसवलं.

“वन्सं, या लसीने स्मृतिभ्रंशही कदाचित टळतो म्हणे. सासूबाई शेवटी तुम्हालाही ओळखत नव्हत्या.”

डॉक्टर म्हणाले, “तशी शक्यता दिसतेय, खात्री नाही.”

“मी विसरले तर तुझंच भलं!” वन्सं फणकारल्या. “तुझ्या लग्नात माझ्याच पानापाशी जिलबी संपली. चव्वेचाळीस वर्षं ऐकवतेय.”

“अजून ऐकवा. पण तुमच्या भावाचं लहानपण आता तुम्हालाच ठाऊक. ते गेले, मी कोणाला विचारू?”

वन्संनी बाही वर केली. सुई टोचताच ओरडल्या, “अगं, तुझा नवरा सुईला घाबरून कणगीत लपला होता!”

हे मी प्रथमच ऐकलं. हसू आवरत डॉक्टरांना विचारलं, “दुसरा डोस कधी?”