सहावी सायकल

मार्शाच्या सायकलचं मागचं चाक पंक्चर झालं, ते नेमकं तांती यूलाच्या फाटकासमोर.

"झालं!" रामदीन ओरडला. "टोबॅगोचे सगळे चढ चढलीस आणि सपाटीला येऊन टायर घालवलास. धन्य आहे बाई तुझी."

पोर्ट ऑफ स्पेनच्या एका बँकेतली ही सहा माणसं. जोडून सुट्टी आली म्हणून सायकली बोटीत घालून टोबॅगोला आली होती. संध्याकाळपर्यंत शार्लटव्हिल गाठायचं, समुद्रात डुंबायचं आणि खेकड्याच्या कालवणावर ताव मारायचा, एवढाच बेत. केर्विन सगळ्यांच्या शेवटी होता. हे गाव लागल्यापासून तो मुद्दामच मागे रेंगाळत आला होता.

तांती म्हणजे मावशी; इकडे कुठल्याही वयस्क बाईला तसंच म्हणतात. ओसरीवर म्हातारी तांती तिळाचे लाडू कागदात गुंडाळत बसली होती. शेजारी दुसरी खुर्ची, रिकामी. तिच्या डोळ्यांना आता उजेड-अंधाराखेरीज काही कळत नव्हतं, पण बोटं सराईतपणे चालत होती.

पाचही जण फाटकाशी थांबले. आधी गुड मॉर्निंग, मग पाऊल आत, ही इथली रीत. एकेकाने म्हटलं, आणि तांतीनेही एकेकाला वेगवेगळं उत्तर दिलं. "गुड मॉर्निंग, बाळा. गुड मॉर्निंग, पोरी. ये, सावलीला ये."

केर्विन रस्त्यावरच राहिला. मार्शाची सायकल उलटी करून चाकापाशी उकिडवा बसला.

खरं तर तो या फाटकासाठीच आला होता. सायकलींची वाट या घरावरून जाणार हे कळल्यावर बँकेत पहिलं नाव त्यानेच दिलं होतं. सगळ्यांच्या आधी उतरायचं आणि म्हणायचं, "गुड मॉर्निंग, तांती. मी केर्विन." बोटीवर त्याने ते मनातल्या मनात घोकलंही होतं. पण ती रिकामी खुर्ची दिसली आणि त्याची वाचाच बसली. तांतीचा नवरा, अंकल हॉलिस गेला, तेव्हा केर्विन आला नव्हता. बोटीत जागा मिळत नाही, असं त्याने फोनवर सांगितलं होतं. पुढेही तेच सांगत राहिला.

तांतीने मान वर केली. "सायकली सहा आल्या. टिकटिक करतात मेल्या, ऐकलं मी. गुड मॉर्निंग पाचच झाले. सहावा कोण?"

"तो टायर बदलतोय, तांती," रामदीन म्हणाला.

"टायर काय तोंडाने बदलतो?" तिने रस्त्याकडे तोंड करून आवाज चढवला. "काय रे ए! काल रात्री माझ्याच घरात झोपला होतास वाटतं?"

सगळे खो खो हसले. हा टोमणा प्रत्येकाने लहानपणी खाल्लेला. एकाच घरात झोपून उठलेल्यालाच काय ती गुड मॉर्निंगची माफी.

केर्विनला हसू आलं नाही. आई न्यूयॉर्कला कामाला निघून गेली, त्या दिवसापासून बँकेत नोकरी लागेपर्यंत तो त्याच घरात झोपला होता. मागच्या खोलीत, खिडकीखालच्या खाटेवर.

"बोल की रे," मार्शा जवळ येऊन कुजबुजली. "म्हातारं माणूस आहे. दोन शब्दांना काय पैसे पडतात?"

तो उठला. हाताचं ग्रीस चड्डीला पुसलं. एक पाऊल फाटकाकडे टाकलं. एक शब्द जरी तोंडातून निघाला असता, तरी तिने ओळखलं असतं. त्याला तेच हवं होतं आणि त्याचीच भीती वाटत होती.

"एकट्याच असता, तांती?" रामदीनने लाडू तोंडात टाकत विचारलं.

"एकटी कशाला? पोरगा आहे माझा, पोर्ट ऑफ स्पेनला. मी वाढवलेला. रस्त्यातल्या कुत्र्यालासुद्धा गुड मॉर्निंग म्हणेल, असं वळण आहे त्याला." तांतीचा चेहरा उजळला होता. "फार यावंसं वाटतं बिचाऱ्याला. पण बोटीत जागाच मिळत नाही. किती भरून येतात बोटी, तुम्हाला ठाऊकच आहे."

"छे हो!" रामदीन मोकळेपणी हसला. "आम्हाला तर सायकलींसकट मिळाली. अर्धी बोट रिकामी होती. नेहमीच असते."

तांतीचे हात थांबले. अर्धवट गुंडाळलेला लाडू मांडीवर तसाच राहिला.

"असेल," ती म्हणाली. "त्याच्या वेळेला भरत असेल."

केर्विन मागे फिरला आणि पुन्हा चाकापाशी बसला. टायर केव्हाच बसवून झाला होता. तरी तो हवा भरत राहिला.

निघताना सगळ्यांनी तांतीचा निरोप घेतला. तिने रामदीनच्या ओंजळीत लाडू ठेवले आणि वर एक वेगळा ठेवला. केर्विन फाटकाबाहेर, एक पाय पेडलवर टेकवून उभा होता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

"हा तुमच्या त्या मुक्याला द्या," तांती म्हणाली. "आणि रागावू नका रे त्याच्यावर. पोराचा काय दोष? वाढवणारीनेच वळण लावलं नसणार."