मांगा वाचणारी

"आयत्या! तू आयताच राहणार," ठिणगी म्हणाली आणि इस्त्री शर्टाच्या कॉलरवर दाणकन आपटली. "हलती चित्रं बघायची, ढसाढसा रडायचं, झालं. पुस्तक वाचायला डोकं लागतं, डोकं!"

चष्म्या नुसता हसला. वर्षभर हेच चाललं होतं. दुपारी लाँड्रीची मालकीणबाई जेवायला गेली की मागच्या खोलीत चौघं जमायची. लांब्या आणि जाडी शाळेतून पळून यायची, चष्म्या औषधांच्या दुकानातून. ठिणगीला कुठून पळायचं नव्हतं. नववीत शाळा सोडल्यापासून ती इथेच इस्त्री करत होती. विषय एकच, 'कोळसानगरी'. मांगा भारी, म्हणजे ते मूळ जपानी चित्रांचं पुस्तक, की त्यावरून काढलेली ॲनिमे मालिका भारी?

मालिका चौघांनीही पाहिली होती. मांगा वाचला होता एकट्या ठिणगीनं. म्हणून शेवटचा शब्द तिचा. शाळेत जिला कुणी बाकावर शेजारी बसवून घेत नव्हतं, तिचं इथं सगळे तोंडाकडे बघत ऐकायचे.

"पण तो नायकाचा भाऊ मरतो तेव्हा रडतो ना गं," चष्म्या म्हणाला. "मला तर बघवलं नाही."

"मालिकेत रडतो. मांगात हसतो! पानभर हसतो. मालिकावाल्यांनी वाट लावली त्याची. तुला काय कळणार म्हणा."

हे तिनं आत्ताच, रागाच्या भरात रचलं होतं. लांब्या एकदम उठला. "थांबा, थांबा. आज सोक्षमोक्षच लावू." त्यानं दप्तरातून पुस्तक काढलं. नववा भाग, कोरा, वरचं प्लॅस्टिकसुद्धा तसंच. त्याच्या दादानं कालच पाठवला होता. त्यानं दातानं प्लॅस्टिक फाडलं आणि पुस्तक इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं. "ह्यातच मरतो तो. काढ ते पान."

मांगा ठिणगीनं आजवर हातातच घेतला नव्हता. मोबाइलवर पाच-पाच मिनिटांत गोष्ट सांगणारे व्हिडिओ असतात, ते बघून ती सगळं ठोकून द्यायची. पण तिघं टक लावून बसली होती. तिनं पुस्तक ओढलं, चष्म्याच्या बाजूला सरकून बसली आणि उघडलं. आपण कुठलंही पुस्तक उघडतो तसं, डावीकडून.

पानावर चित्र नव्हतं. चौकटीत जाड अक्षरं होती. 'ही पुस्तकाची शेवटची बाजू आहे. मांगा उजवीकडून वाचतात. कृपया पुस्तक उलटवून घ्या.'

तिचे कान तापले. लांब्या आणि जाडी टेबलाच्या पलीकडे होती, त्यांना पान दिसत नव्हतं. चष्म्याला दिसत होतं. नाकावर घसरलेल्या चष्म्यातून त्यानं ती चौकट नीट, अगदी शेवटपर्यंत वाचली.

संपलं, ठिणगीला वाटलं. आता हा वर्षभराचं सगळं काढणार. त्याच्या जागी ती असती तर तिनं सोडलं असतं होय?

"दे इकडे, पाणी लागलंय तुझ्या हाताला. नवं पुस्तक खराब करशील," चष्म्या म्हणाला. त्यानं पुस्तक घेतलं, उलटवलं आणि एका झटक्यात उघडलं. शोधाशोध नाही, चाळणं नाही. अंगठा थेट त्या पानावर.

भाऊ रडत होता. पानभर रडत होता.

चष्म्यानं पानावर पंजा ठेवला. "हिचं खरंय रे. हसतोच तो."

"बघू, बघू!" जाडी पुढे झुकली.

"वेडी आहेस का? शेजारच्याच पानावर पुढचं सगळं फुटलंय. दुसरा सीझन बघायचाय ना?"

जाडीनं गपकन डोळे मिटले. लांब्यानं पुस्तक हिसकावून दप्तरात कोंबलं. "दुसरा सीझन येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही," त्यानं दम दिला. मग ठिणगीच्या पाठीत एक धपाटा घातला. "मानलं बाई तुला!"

ती दोघं बादली आणायला मोरीत पळाली. हरणाऱ्यानं उलट्या बादलीवर उभं राहायचं, कान पकडायचे आणि तीनदा 'मी आयता' म्हणून ओरडायचं. हा नियम ठिणगीनंच काढलेला.

"तू वाचलंयस," ती दबक्या आवाजात म्हणाली. विचारलं नाही, सांगितलंच.

"अकरा भाग. दोनदा."

"मग वर्षभर शिव्या कशाला खाल्ल्यास?"

चष्म्या चष्मा शर्टाला पुसत राहिला. "पहिल्या दिवशी तू भावाला थोरला म्हणालीस. थोरला तो मालिकेत आहे, मांगात धाकटा आहे. तेव्हाच कळलं मला. मी वाचलंय म्हटलं असतं, तर कुणीतरी मला विचारलं असतं, थोरला की धाकटा."

बादली आली. चष्म्या चढला. कान पकडले.

"मी आयता!"

"एक!" लांब्या ओरडला.

ठिणगी पुढे सरकली. आत्ता बोलायचं. आत्ताच. एक वाक्य तर आहे. तिनं लांब्याकडे पाहिलं, जाडीकडे पाहिलं. दोघं तिच्याकडेच बघत होती, कौतुकानं.

"मी आयता!"

"दोन!" जाडीनं टाळी वाजवली.

"मी आयता!"

ठिणगीनं तोंड उघडलं. 'उतर खाली' म्हणायलाच उघडलं होतं. बाहेर पडलं ते "तीन!", आणि तिघांत सगळ्यात मोठ्यानं.