लाळेचा रिपोर्ट

भुईगावच्या ऑगस्टीनची केळी आणि शेजारच्या जयवंतची केळी चाळीस वर्षं एकाच विहिरीच्या पाण्यावर वाढली, पण पाण्यावरून कधी तंटा झाला नाही. ऑगस्टीनचा सख्खा भाऊ मात्र दोन फूट बांधापायी आता फक्त कोर्टात भेटायचा. तारखेला सोबत यायचा तो जयवंत.

रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर वाडीत असतानाच कॅनडातून मुलाचा, डेरिकचा फोन आला.

"पपा, मी आणि जयवंतकाकांच्या संग्रामनं इथं गंमत म्हणून लाळ देऊन डीएनए तपासला. काही पिढ्यांमागं आपला पूर्वज एकच निघालाय. काका आपले भाऊबंद आहेत."

ऑगस्टीननं पलीकडं पाहिलं. जयवंत पाटाचं पाणी आधी ऑगस्टीनच्याच केळीकडं वळवत होता.

"त्याला सांगू नकोस," ऑगस्टीन हळूच म्हणाला. "भाऊबंद झाला की उद्या मोजणी मागवेल." आणि त्यानं फोन ठेवला.

"काय म्हणतो डेरिक?" जयवंतनं विचारलं.

"काही नाही. बर्फ पडलाय म्हणतो."

जयवंत वाकून पाटातला गाळ काढत राहिला.

"संग्रामही सकाळी तेच सांगत होता," तो म्हणाला. "मी त्याला बजावलं, ऑगस्टीनला कळू देऊ नकोस."