मी पाहिलेले नाटक

तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला आणि रेगेबाईंनी पर्समधून सहावी ‘ब’च्या पेपरांचा गठ्ठा काढून मोबाइलचा टॉर्च लावला.

“मुलांना नाटकं दाखवा,” असं दर पालकसभेत ठणकावणाऱ्या बाई स्वतःच्या लेकीला कशा विसरतील? अख्खा रविवार दिला होता तिला.

“आई, बघ ना, राक्षस खाली उतरला!”

“तू बघ नीट. घरी निबंध लिहायचाय.”

घरी येताच लेकीनं निबंध लिहिला: ‘सगळे हसले. आई हसली नाही. राक्षस आमच्या रांगेत आला, तरी तिनं वर पाहिलं नाही. मी घाबरून तिचा हात धरला, तर तिनं लाल पेन दुसऱ्या हातात घेतलं.’

बाईंनी निबंध दोनदा वाचला. मग तेच लाल पेन उघडून खाली शेरा मारला: ‘विषय सोडून लिहिले आहे.’